फीड येण्याआधीच्या खोल्या

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा संगणकावरचा खेळ रचला. पडद्यावर चित्र नाही, नुसता मजकूर. उत्तरेला जायचं म्हणून टाइप केलं की पुढच्या ठिकाणाचं वर्णन यायचं. तिथे आणखी कुणी असेल तर त्याच्याशी बोलता यायचं. स्वतः हलल्याशिवाय नवीन काही दिसत नसे.

पाव्हेल कर्टिस या झेरॉक्सच्या संशोधकाने 1990 मध्ये ‘लॅम्डामू’ हे तसंच मजकुराचं ऑनलाइन जग उभारलं, ते स्वतःच्या घराचा आराखडा समोर ठेवून. नवखा माणूस कोटांच्या कपाटात जागा व्हायचा आणि दार उघडून दिवाणखान्यात यायचा. पुढे लोकांनी आपापल्या खोल्या बांधल्या. यंत्रणेच्या किल्ल्या मात्र ‘विझर्ड’ म्हणवणाऱ्या मोजक्या लोकांकडे होत्या. रोजच्या भांडणांना कंटाळून डिसेंबर 1992 मध्ये त्यांनी जाहीर केलं: आम्ही फक्त तांत्रिक कामं बघू, तुमचं तुम्ही बघा. काही महिन्यांतच एकाने प्रोग्राम वापरून त्याच दिवाणखान्यात इतरांच्या पात्रांवर मजकुरातून लैंगिक अत्याचार केले. लोक चर्चा करत राहिले. शेवटी एका विझर्डने एकट्यानेच ठरवून त्याचं खातं काढून टाकलं. मग अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. तीही पुरेना, तेव्हा 1996 मध्ये विझर्डांनी जुनी घोषणा मागे घेतली. सामाजिक परिणाम नसलेला तांत्रिक निर्णय शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढी स्पष्ट कबुली नंतरच्या कंपन्यांच्या अटी-शर्तींत शोधूनही सापडत नाही.

1994 मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीज या स्वतःचं वेबपान बनवायला जागा देणाऱ्या संकेतस्थळावरही वस्त्या होत्या. सिनेमावाल्यांची हॉलिवूड, संगणकवाल्यांची सिलिकॉन व्हॅली. रिकामा भूखंड निवडायचा, त्याचा क्रमांक हाच आपला पत्ता. याहूने 1999 मध्ये कंपनी घेतली आणि पत्त्यांतून वस्त्या गेल्या.

खरी उलथापालथ झाली 5 सप्टेंबर 2006 रोजी. तोवर फेसबुकवर मित्राचं काय चाललंय हे कळायला त्याच्या पानावर जावं लागे. त्या दिवशी न्यूज फीड आलं आणि सगळ्यांच्या हालचाली एका जागी येऊन पडू लागल्या. लाखोंनी विरोध केला. (विरोधाचे गट फोफावले तेही फीडमुळेच.) मार्क झुकरबर्ग यांनी माफी मागितली, गोपनीयतेची काही बटणं दिली, फीड राहिलं. त्याच वर्षी एझा रास्किन यांनी न संपणारा स्क्रोल घडवला आणि पानाला तळ उरला नाही. 2016 मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम कालक्रम सोडून अल्गोरिदमच्या क्रमाकडे वळले.

2006 चा वाद गोपनीयतेचा म्हणूनच नोंदला गेला. मला मोठा बदल दुसराच वाटतो: माणसाचं फिरणं थांबलं आणि समोर काय आणायचं हे यंत्र ठरवू लागलं. लॅम्डामूत निदान कुठल्या विझर्डवर चिडायचं हे ठाऊक होतं.

युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल सेवा कायद्याने फार मोठ्या मंचांना समोर काय आणायचं हे ठरवताना वापरकर्त्याच्या प्रोफाइलिंगवर (म्हणजे त्याच्या माहितीवरून बांधलेल्या आडाख्यांवर) न बेतलेला किमान एक पर्याय द्यायला लावलं आहे. तोच पर्याय आधीपासून चालू असावा, अशी सक्ती त्यात नाही.