मेश जॅकेट आणि व्हेंटवालं जॅकेट: दोन्ही ‘उन्हाळी’च, पण मातीत कोणतं?

मोटरसायकलवर घालायची दोन जॅकेटं घ्या आणि आत हात घालून उजेडासमोर धरा. एकातून स्वतःची बोटं दिसतात. दुसऱ्यातून काही दिसत नाही, पण छातीवरच्या दोन चेन उघडल्या की तेवढ्या फटींतून उजेड आत येतो. पहिलं मेशचं, म्हणजे जवळजवळ अंगभर जाळी. दुसरं व्हेंटवालं, म्हणजे जाड विणीचं कापड आणि त्यात चेन लावलेले झरोके. विकताना दोन्हींना ‘समर जॅकेट’च म्हणतात, त्यामुळे घेणारा रंग, खिसे आणि किंमत बघून एक उचलतो. मग एक जण शपथेवर सांगतो की मेश म्हणजे भट्टी. दुसरा सांगतो की मेशशिवाय उन्हाळ्यात गाडी बाहेर काढूच नये. गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात. एक मोकळ्या रस्त्यावरून भर दुपारी आलेला असतो, दुसरा दगडगोट्यांतून.

फरक कळायला आधी अंगातली उष्णता कुठून येते आणि कशी बाहेर जाते ते बघावं लागतं. डांबरी रस्त्यावर माणूस बसलेला असतो. मातीत तो फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभा असतो, गुडघ्यांत वाकतो, हँडल ओढतो, आणि अधूनमधून आडवी झालेली गाडी उचलतो. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला साधारण पाव हिस्साच हालचालीला लागतो, बाकीची उष्णता होऊन अंगात साठायला लागते. ती बाहेर काढायचे मोठे मार्ग दोन. वारा ती त्वचेवरून घेऊन जातो, किंवा घाम वाळताना घेऊन जातो. उन्हात त्वचा ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तोवर दोन्ही मार्ग चालू. हवा ४० अंशांवर गेली की पहिला मार्ग उलटा फिरतो: वारा उष्णता नेण्याऐवजी आणून टाकायला लागतो. मग सगळी भिस्त घामावर. एक लिटर घाम वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो, म्हणजे सात लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला लागावी तेवढी. पण त्यासाठी तो अंगावरच वाळायला हवा. कोपरावरून टपकून बुटात गेलेला घाम फुकट गेला.

आता मेश कुठे जिंकतं ते सरळ दिसतं. ट्रेलवर, म्हणजे मातीदगडांच्या वाटेवर, वेग असतो ताशी दहा-पंधरा किलोमीटर. एवढ्या वेगाला व्हेंट जवळजवळ मुके असतात. व्हेंट म्हणजे घराची खिडकी: समोरून वारा ढकलला गेला आणि मागून त्याला निघायला वाट असली, तरच झोत फिरतो. मेशला ढकलणारं कुणी लागत नाही. तुम्ही उभे राहिलात तरी दमट हवा जाळीतून बाहेर पडत राहते, आणि एखादी झुळूक आली तर ती पोटापर्यंत पोचते. दगडांच्या चढावर क्लच धरून इंच इंच सरकताना एवढाच काय तो आधार असतो.

हवा दमट असेल तेव्हा तर मेशला पर्याय नाही. दमट हवेत घाम मुळात वाळायलाच नाखूष असतो. अंगाला चिकटलेली ओली हवा सतत बदलत राहिली तरच थोडाफार वाळतो, आणि ती बदलायचं काम दोन झरोक्यांच्याने होत नाही.

व्हेंटवाल्याची बाजू ट्रेल संपून रस्ता सुरू झाला की उजळते. हवा ४२ अंश, कोरडी, आणि पुढचे ऐंशी किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जायचंय असं समजा. मेशमधून तो गरम वारा थेट अंगावर येतो, आणि घाम सुटायच्या आत वाळतो. शर्ट कोरडा असतो, म्हणून वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. प्रत्यक्षात पाणी झपाट्याने चाललेलं असतं, फक्त त्याचा पुरावा वारा घेऊन गेलेला असतो. इथे जाड कापडाचं जॅकेट छातीच्या चेन बंद किंवा अर्ध्या ठेवून, मनगटं जरा सैल आणि पाठीचा व्हेंट उघडा ठेवून घातलं, तर आत हवा फिरते पण बेताने. बाहेरची आग बाहेर राहते, आतला ओलावा हळूहळू वाळतो, आणि तो वाळतो तोवर गारवा टिकतो.

याची परीक्षा सोपी आहे. निघताना टी-शर्ट पाण्यात बुडवून, पिळून अंगात घाला. कोरड्या, तापलेल्या हवेत मेशखाली तो माझ्या अंगावर पंधरा मिनिटंही धड ओला राहिलेला नाही. व्हेंटवाल्याखाली तोच शर्ट पुढच्या थांब्यापर्यंत साथ देतो. पाण्यात भिजवून घालायच्या कूलिंग व्हेस्टचंही तेच. ती मेशखाली घातली तर पाणी भराभर संपतं. दमट हवेत मात्र ती कशाहीखाली घातली तरी ओझंच.

एवढं वाचून व्हेंटवालं घ्यायचं ठरत असेल तर एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण मी त्यात स्वतः पडलोय. माझं पहिलं महागडं जॅकेट काळं होतं, छातीवर ऐटबाज चेन, आणि पावसाचाही बंदोबस्त. पहिल्याच उन्हात चेन उघडल्या. वारा कापडावर आपटतोय हे ऐकू येत होतं, अंगाला काही लागत नव्हतं. घरी येऊन फटीत बोट घातलं तर बोट आतल्या गुळगुळीत अस्तरावर अडकलं. पाऊस अडवणारा पडदा बाहेरच्या कापडाच्या आत, स्वतंत्र थर म्हणून शिवलेला होता. म्हणजे माझी खिडकी उघडत होती, पण तिच्यामागे भिंत होती. पडदा काढता येणारा असेल तर प्रश्न नाही, उन्हाळ्यात काढून ठेवायचा. तो बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असेल, म्हणजे लॅमिनेटेड, तरी हरकत नाही, कारण तिथे चेन उघडली की थेट आतली जाळी लागते. मधला प्रकार, आत कायमचा शिवलेला, उन्हासाठी निरुपयोगी. हे तपासायला बोट पुरेसं आहे. चेन उघडा आणि आतून तुमचा शर्ट, निदान जाळीसकट, चिमटीत येतो का बघा.

आणखी दोन गोष्टी व्हेंटचं काम बिघडवतात, आणि त्या जॅकेटच्या नसून आपल्याच असतात. एक, गाडीवरची उंच काच. बसल्यावर छाती तिच्या आडोशाला जाते आणि छातीचे व्हेंट बेकार होतात. तेव्हा दंडावरचे, मनगटाजवळचे व्हेंट जास्त कामाचे. दोन, पाठीवरची पाण्याची बॅग. पाणी तर हवंच, पण ती बॅग नेमकी त्या जागेवर बसते जिथून हवा बाहेर पडायची असते. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर आत यायलाही नाही. बॅग अरुंद असेल किंवा पाठीचे व्हेंट बगलेकडे कडेला असतील तर निभावतं. मेशमध्येही बॅगेखालची पाठ भिजतेच, पण बाकीचं अंग तिच्यावर अवलंबून नसतं.

आता पडण्याबद्दल. मेशवरचा नेहमीचा आक्षेप असा की ते रस्त्यावर घासल्यावर लवकर फाटतं, आणि तो खरा आहे. जाळीत मुळात धागाच कमी. युरोपातल्या ईएन १७०९२ या मानकात कपड्याला एएए, एए, ए अशा श्रेण्या मिळतात. सर्वांत जास्त घासणाऱ्या भागांसाठी घर्षणाची चाचणी ए श्रेणीत ताशी ४५ किलोमीटरच्या वेगातून, एएमध्ये ७० आणि एएएमध्ये १२० च्या वेगातून होते. मेशची बरीच जॅकेटं ए श्रेणीत बसतात. आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराच्या चित्राजवळ ही अक्षरं असतात. धाग्याची जाडी डेनियरमध्ये लिहिलेली असते, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्या आकड्याने मात्र भारावून जाऊ नका: ६०० डेनियर पॉलिएस्टर आणि ६०० डेनियर मजबूत नायलॉन यांची टिकण्याची ताकद सारखी नसते.

पण मातीतलं पडणं आणि डांबरावरचं पडणं वेगळं असतं. ट्रेलवर माणूस लांब घसरत जात नाही. तो धपकन एका बाजूला पडतो, आणि खाली दगड असतो. तिथे कापडापेक्षा गार्ड, म्हणजे खांदे-कोपरांवर धक्का झेलायला बसवलेला पॅड, वाचवतो. म्हणून मेशची घर्षणातली उणीव ट्रेलवर तितकी बोचत नाही. बोचतात ते काटे: झुडपातून जाताना जाळी अडकते, उसवते, आणि एका मोसमात बाही गवताळ दिसायला लागते. खांदे आणि कोपर जाड कापडाचे आणि बाकी जाळी, अशी बांधणी म्हणूनच शहाणपणाची.

गार्डच्या बाबतीत उन्हाळ्याचा एक खास मुद्दा आहे आणि तो फार कमी जण बघतात. हातपायांच्या गार्डना ईएन १६२१-१ हे मानक लागू होतं. धडकेतला आत पोचणारा सरासरी जोर लेव्हल १ मध्ये ३५ किलोन्यूटनच्या आत आणि लेव्हल २ मध्ये २० च्या आत राहावा लागतो. बरेच मऊ गार्ड तापले की आणखी मऊ होतात, आणि मऊ झालेला गार्ड धक्का कमी अडवतो. यासाठी ४० अंशांवरची एक जादा, ऐच्छिक चाचणी आहे. ती पास झालेल्या गार्डवर ‘टी+’ अशी खूण असते. उन्हात वापरायचं जॅकेट घेताना गार्ड खिशातून बाहेर काढून ही खूण शोधा. विकणारा जरा वैतागेल, वैतागू दे.

मेश सैल असतं, आणि त्याचा खरा तोटा इथे आहे. हवा खेळावी म्हणून आपण एक माप मोठं घेतो आणि कोपराचा गार्ड फिरून बाहेरच्या बाजूला जातो. घालून हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करा, गार्ड मुठीत धरून फिरवून बघा. दंडावरचा पट्टा आवळूनही तो फिरत असेल तर पडताना नक्की फिरणार. व्हेंटवालं कापड ताठ असल्यामुळे गार्ड जागेवर धरायला ते बरं.

इथेच अजून एक गल्लत होते. मेश जॅकेटसारखीच दिसणारी, अंगाला घट्ट बसणारी, गार्ड लावलेली जाळीची बनियन मिळते. तिला लोक आर्मर शर्ट म्हणतात. तिच्या लेबलवर बहुधा त्याच ईएन १७०९२ मधली सी ही श्रेणी असते. याचा अर्थ कापडाचं काम फक्त गार्ड जागेवर धरून ठेवणं, घासण्यापासून वाचवण्याचा दावा नाही. वरून सैल जर्सी घातली की मातीत याच्याइतकं हवेशीर काही नाही, आणि गार्ड अंगाला घट्ट असल्याने हलतही नाहीत. पण ती घालून मोकळ्या रस्त्यावर वेगात जाणं म्हणजे जवळजवळ शर्टावर जाणं. बी श्रेणी याच्या उलट: घर्षणाला ए इतकीच, पण धक्क्याचे गार्ड नाहीत. मोटोक्रॉसवाले छातीवर जे कडक प्लॅस्टिकचं कवच घालतात ते आणखी तिसरंच. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेले खडे अडवणं हे त्यातल्या बऱ्याच कवचांचं मूळ काम, आणि त्याला मानकही वेगळं आहे, ईएन १४०२१. त्यावर ईएन १६२१-३ लिहिलेलं नसेल तर ते छातीवरच्या धडकेसाठी तपासलेलं नाही असं समजा.

पँटबद्दल थोडक्यात. मेश पँट मांडीला सुख देते, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे इंजिन आणि सायलेन्सर जवळ येतात, तिथे जाळी नको. पॉलिएस्टर तापलेल्या सायलेन्सरला चिकटतं आणि वितळतं. ऑफ-रोड पँटला आतून चामड्याचा तुकडा लावलेला असतो तो याचसाठी. आणि जॅकेट कोणतंही असो, आत सुती बनियन नको. ते घाम धरून बसतं आणि बगलेत धुळीचा चिखल करतं. घाम पटकन पसरवणारा पातळ सिंथेटिक थर बरा.

माझं स्वतःचं म्हणाल तर घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत ट्रेलच असेल, तर आर्मर शर्ट आणि वर जर्सी. ट्रेलपर्यंत तासभर रस्ता असेल आणि हवा चाळिशीच्या खाली, तर खांदे-कोपर जाड असलेलं मेश. दिवसभराचा रस्ता, हवा कोरडी आणि चाळिशीपार, मधे थोडी माती, अशा वेळी व्हेंटवालं. त्या मधल्या मातीत मी उकडून निघतो हे मान्य आहे. तेवढ्यापुरतं थांबतो, सगळ्या चेन उघडतो, बॅग काढून मागच्या सीटला बांधतो.

घ्यायच्या आधी शक्य असेल तर टेबल फॅन लावा. जॅकेट घाला, पाण्याची बॅग पाठीवर चढवा, फूटपेगवर उभे असल्यासारखे गुडघ्यांत वाका आणि हात पुढे करा. मेशमध्ये वारा पोटावर लगेच लागेल. व्हेंटवाल्यात तो लागायला दोन क्षण जातील, आणि मग बगलेतून मागे सरकेल. सरकला नाही तर बॅग काढून पुन्हा बघा. बॅग काढल्यावर सरकत असेल तर दोष जॅकेटचा नाही, बॅग बदला. तरीही सरकत नसेल तर चेनच्या फटीत बोट घाला.