इन्क्युबेटरमध्ये पाणी किती घालावे, झाकण कधी उघडावे

आमच्याकडून घरगुती इन्क्युबेटर, म्हणजे कोंबडीची अंडी उबवायचे मशीन, नेला की बहुतेकांचा पहिला फोन तापमानासाठी येतो. ते काम मशीन बऱ्यापैकी स्वतःच सांभाळते. पिल्ले मरतात ती बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्याने आणि नको तेव्हा झाकण उघडल्याने. म्हणून या पत्रकात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिले आहे.

अंडी कोणती घ्यावीत

दुकानातली पांढरी अंडी ठेवू नका. लेअर फार्मवर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो, त्यामुळे त्यांतून पिल्लू निघणार नाही. गावरान, कडकनाथ, गिरिराज, कोणतीही जात चालेल. कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा मात्र हवा. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. ती धुवू नका, कारण कवचावरचा संरक्षक थर निघून जातो आणि जंतू आत शिरतात. मशीन भरेपर्यंत ती फ्रिजबाहेर, घरातल्या थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवा. पार्सलने किंवा एसटीने आलेली अंडी रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी मशीनमध्ये ठेवा.

तापमान

आपले मशीन पंख्याचे आहे, म्हणून ३७.५ अंश सेल्सियस. डिस्प्लेवर शंका आली तर घरातला ताप मोजायचा थर्मामीटर अंड्यांजवळ ठेवून पडताळा. तो सर्वांत जास्त गेलेला आकडा धरून ठेवतो, हे तेवढे लक्षात असू द्या. मशीन ऊब देऊ शकते, गारवा देऊ शकत नाही. विदर्भात किंवा खानदेशात मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली, तर आतली अंडी वाचवणे मशीनच्या हातात राहत नाही. त्या दिवसांत अंडी न ठेवणेच बरे.

पाणी

पहिले १८ दिवस आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे सगळीकडे सारखेच, पण तिथे पोहोचायला लागणारे पाणी सारखे नसते. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. कोकणात पावसाळ्यात बाहेर ८५ टक्के असली, तरी तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांवर गेल्यावर साधारण ४५ टक्के भरते. म्हणजे तिथे सुरुवातीला पाणी जवळजवळ लागतच नाही. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात मात्र भांडे रिकामे राहिले तर आकडा २० च्याही खाली जातो. म्हणून "पाणी रोज किती घालू?" या प्रश्नाला आम्ही फोनवर एकच उत्तर देत नाही.

आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरपेक्षा आमचा भरवसा वजनकाट्यावर जास्त. १८ दिवसांत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्के घटले पाहिजे. ५० ग्रॅमचे अंडे १८व्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास भरले, तर पाणी बरोबर. ४७ भरले तर आत ओल जास्त राहिली, हवेची पोकळी लहान पडली; पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा पुरत नाही. सगळी अंडी मोजायची गरज नाही. चार अंड्यांवर पेन्सिलने वजन लिहा, दर आठवड्याला बघा आणि त्यानुसार पाणी कमी-जास्त करा.

मधले दिवस

अंडी आपोआप फिरतात, तरी रोज एकदा ट्रे हलतो आहे ना ते पाहा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा: शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर काढून टाका. वास येणारे अंडे लगेच बाहेर काढा, ते आत फुटले तर सगळी घाण होते.

वीज गेली तर घाबरू नका. खुडूक कोंबडीही दाणापाण्यासाठी उठतेच. झाकण बंद ठेवा, वरून गोधडी टाका. शेवटच्या आठवड्यात मात्र हवेची भोके झाकू नका. मोठी झालेली पिल्ले स्वतःच उष्णता तयार करतात आणि त्यांना हवा जास्त लागते.

शेवटचे तीन दिवस

अंडी ठेवली तो दिवस शून्य धरा. सोमवारी ठेवली तर तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी फिरवणे बंद करा, ट्रे काढा, अंडी आडवी ठेवा, पाणी वाढवा आणि झाकण लावा. पिल्ले सोमवारी.

आता उघडू नका. कवचाला पहिली भेग पडल्यावर पिल्लू बाहेर यायला कधीकधी २४ तास लागतात, आणि तो वेळ फुकट जात नसतो. पिवळा बलक आणि रक्त पोटात ओढून घेण्याचे काम चालू असते. झाकण उघडले की ओल निघून जाते, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. नखाने कवच सोलून "मदत" केली तर रक्त जाते. जन्मलेली पिल्ले भुकेली राहतील ही काळजीही नको. बलकाच्या जोरावर ती दोन दिवस सहज काढतात. अंगावरची लव सुकू द्या, मग सगळ्यांना एकदम ३५ अंशांच्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, हलवा. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात, गोणपाट अंथरा.

पिल्ले निघाली नाहीत तर

उरलेली अंडी फोडून बघा, मग आम्हाला फोन करा. पहिल्या आठवड्यात मेलेली दिसली तर अंडी जुनी होती किंवा तापमान चुकले. पूर्ण वाढून मेलेली असतील तर पाणी किंवा झाकण. पिल्ले १९व्या दिवशीच निघू लागली तर मशीन गरम चालते आहे, २३ दिवस लागले तर थंड. एवढे सांगितलेत की सेटिंग फोनवरच दुरुस्त करता येते, मशीन दुकानात आणावे लागत नाही.