संत कोणी ठरवायचा? मठ, रोम आणि साक्षीपुरावे

१० मे २०१२ रोजी पोपनी हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन यांची भक्ती जगभरच्या कॅथलिक चर्चला लागू केली, म्हणजेच त्यांच्या संतपदावर शेवटची मोहोर उमटवली. पाच महिन्यांनी, ७ ऑक्टोबरला, त्यांना चर्चची आचार्य (जिची शिकवण साऱ्या चर्चने मार्गदर्शक मानावी) ही पदवीही मिळाली. ऱ्हाइनकाठच्या रूपर्ट्सबर्ग मठाच्या या प्रमुख धर्मभगिनी वारल्या ११७९ मध्ये आणि त्यांच्या संतपदाची चौकशी सुरू झाली १२२८ मध्ये. मधली पावणेआठ शतकं गेली ती कुणी हरकत घेतली म्हणून नव्हे. त्यांच्या मतांवर आक्षेप नव्हता, चमत्कारांची वानवा नव्हती. अडलं ते कागदावर. साक्षीपत्रात कोण, कुठला, कोणत्या साली हे लिहायचं राहून गेलं होतं.

हा अडथळा कळायचा तर त्याआधी संत कसे ‘होत’ ते बघायला हवं. हुतात्म्यांच्या थडग्यांपासून आणि इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांपासून सुरुवात करायची गरज नाही. पश्चिम युरोपात सातव्या-आठव्या शतकापासून हे काम प्रामुख्याने मठांमध्ये चालायचं आणि त्यात अर्ज, मंजुरी असलं काही नव्हतं.

संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमानुसार चालणाऱ्या मठात सकाळच्या ‘प्राइम’ या प्रार्थनेनंतर सगळे सभादालनात जमत. तिथे नियमाचं एक प्रकरण वाचलं जाई आणि संतांच्या तिथीवहीतून त्या दिवसाच्या नोंदी वाचल्या जात. पॅरिसच्या सां-जर्मां-दे-प्रे मठात नवव्या शतकात तयार झालेली अशी एक वही पुढे युरोपभर नकलून घेतली गेली. नकल केली की आपल्या भागातली नावं समासात घालायची, ही सर्रास पद्धत. समासातलं नाव पुढच्या नकलेत मजकुरात येई, आणि माणूस संत झालेला असे. इतकं साधं.

पण नुसत्या नावाने सण साजरा होत नाही. मठातल्या मोठ्या सणाला रात्रीच्या प्रार्थनेत बारा वाचनं लागतात (मठाबाहेरच्या चर्चमध्ये नऊ). ती कशातून करायची? म्हणून चरित्र हवं. बऱ्याच संतचरित्रांच्या हस्तलिखितांत समासात एक, दोन, तीन असे आकडे टाकलेले दिसतात, ते या वाचनांचे तुकडे. चरित्राच्या जोडीला चमत्कारांची वही असे. थडग्याची देखभाल करणारा मठवासी ती लिही. कोण आलं, कुठलं दुखणं होतं, काय वाहिलं, बरं वाटलं का. पुढे रोमने साक्षीपुरावे मागायला सुरुवात केली तेव्हा याच वह्या उपयोगी पडल्या, पण त्या कोर्टासाठी लिहिलेल्या नव्हत्या. ‘जवळच्या गावची एक बाई, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली’ एवढ्यावर त्यांचं भागत असे.

तिसरी गोष्ट म्हणजे देह. जमिनीतलं थडगं उघडायचं, हाडं धुऊन रेशमी कापडात गुंडाळायची, सोबत नाव लिहिलेली चर्मपत्राची चिठ्ठी ठेवायची, पेटी बंद करून वेदीच्या मागे किंवा वर उंचावर बसवायची. हे स्थलांतर हीच संतपदाची घोषणा. त्यासाठी बिशप आला तर उत्तम, पण आलाच पाहिजे असं नव्हतं. घोळ व्हायचा तो चिठ्ठीत. ती कुजली किंवा पेटी बदलताना हरवली, की हाडं कुणाची हे सांगायला चरित्राशिवाय काही उरत नसे. खुद्द बेनेडिक्टच्या अस्थी इटलीतल्या मोंते कासिनोमध्ये आहेत की फ्रान्समधल्या फ्लरी मठात, यावर दोन्ही मठांनी शतकानुशतकं भांडण चालवलं.

राजसत्तेला आणि धर्मसभांना हे रुचत नव्हतंच. ७९४ च्या फ्रँकफर्ट सभेने नव्या संतांची भक्ती करू नका असं सांगितलं, ८१३ च्या माइन्झ सभेने संताचा देह हलवायचा तर राजाचा किंवा बिशपांचा सल्ला घ्या असा नियम केला. तो कुठे पाळला गेला, कुठे नाही. मठांनाही गर्दीचा त्रास होताच. ११५३ मध्ये क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड वारले आणि दर्शनाला अशी झुंबड उडाली की सिस्टर्शियन संघाच्या प्रमुखाने मृत बर्नार्डनाच आज्ञा केली, आता चमत्कार पुरेत. संघाच्या स्वतःच्या इतिहासात ही हकिकत आहे, आणि बर्नार्डनी मेल्यावरही आज्ञा पाळली, असं त्यात अभिमानाने लिहिलंय!

रोमकडे पहिलं मोठं प्रकरण गेलं ते ९९३ मध्ये. आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांचं चरित्र आणि चमत्कार रोममध्ये, पोपच्या लॅटरन राजवाड्यातल्या सभेत वाचून दाखवले गेले आणि पोपनी संतपद जाहीर केलं. साक्षीदार नाहीत, तपासणी नाही. तेव्हा रोमची मोहोर मिळाली तर मानाची, नाही मिळाली तरी काही अडत नव्हतं. पुढची पावणेदोनशे वर्षं हे असंच चाललं.

आता ते पत्र, ज्याच्यावरून चर्चच्या कायद्याचे अभ्यासक आजही एकमेकांच्या अंगावर धावून जातात. ११७१ किंवा ११७२ मध्ये तेव्हाच्या पोपनी स्वीडनच्या राजाला एक लांबलचक पत्र पाठवलं. पत्रात इतरही बऱ्याच तक्रारी आहेत. त्यातच मध्ये एक परिच्छेद येतो. तुमच्याकडे काही जण दारूच्या नशेत मारल्या गेलेल्या एका माणसाला संत मानतात असं कळलं. त्याच्या हातून कितीही चमत्कार होवोत, रोमच्या चर्चच्या अनुमतीशिवाय त्याची जाहीर भक्ती करणं तुम्हाला योग्य नाही. बस, एवढंच. त्या माणसाचं नावही पत्रात नाही. हा ११६० मध्ये उप्सालात मारला गेलेला राजा एरिक असावा असं काहींचं मत. इतरांना ते मान्य नाही, कारण युद्धात पडलेल्या राजाला दारुडा कोण म्हणेल? एरिक पुढे स्वीडनचा रक्षक संत झाला आणि त्याला रोमकडून विधिवत संतपद कधीच मिळालं नाही, हे मात्र खरं.

हाच परिच्छेद पत्रातून कापून १२३४ मध्ये पोपच्या अधिकृत निर्णयसंग्रहात घातला गेला, अवशेष आणि संतांची भक्ती या शीर्षकाखाली. दारूचा संदर्भ राहिला, पण एका राजाला दिलेली ताकीद साऱ्या चर्चचा कायदा झाली. म्हणून पाठ्यपुस्तकांत सरळ लिहिलेलं असतं की ११७१ पासून संतपद देण्याचा अधिकार फक्त पोपचा. हे वाक्य तपासून न घेता पुढे ढकललं जातं, ते बरं नव्हे.

आक्षेप असा आहे. पत्र लिहिताना नवा कायदा करायचा हेतू असता तर तो नुसता स्वीडनला कशाला कळवायचा? त्या पत्रानंतरही बिशप आपापल्या भागात देह उंचावर बसवतच होते आणि रोमने त्यांना अडवल्याचं दिसत नाही. १२१५ च्या लॅटरन परिषदेने याविषयी नियम केला तोही नव्याने सापडलेल्या अवशेषांपुरता. पोपच्या मान्यतेशिवाय त्यांची जाहीर पूजा करू नका आणि जुने अवशेष पेटीबाहेर काढून दाखवू नका, विकू नका. संतपदाचा अधिकार आधीच रोमकडे असता तर परिषदेने तसं स्पष्ट म्हटलं असतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तत्त्व जुनंच होतं, पत्रात ते फक्त उच्चारलं गेलं, आणि ‘तुम्हाला योग्य नाही’ या शब्दांत सूट कुठेच नाही. दोन्हींत तथ्य आहे. तारीखच हवी असेल तर १२३४ धरावी. पण खरा बदल कायद्याच्या कलमाने घडलाच नाही, तो प्रश्नावलीने घडवला.

११९९ मध्ये इटलीतल्या क्रेमोनाच्या एका व्यापाऱ्याला संतपद देताना पोपनी दोन गोष्टी लागतील असं सांगून ठेवलं, आयुष्यातलं सदाचरण आणि मरणानंतरची चिन्हं. एकट्या चमत्कारावर भागणार नाही, कारण तो सैतानही करून दाखवतो. आणि एकट्या सदाचरणावरही नाही, कारण ढोंगी माणूस जगाला फसवू शकतो. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या सेम्प्रिंगम मठसंघाच्या संस्थापकाच्या प्रकरणात नुसती शिफारसपत्रं पुरेशी मानली गेली नाहीत. मठवासीयांनी तीन दिवस उपास करावा आणि साक्षीदारांना शपथेवर तपासावं, असा हुकूम आला. मग १२३२ मध्ये, मारबुर्गला वारलेल्या हंगेरीच्या एलिझाबेथच्या चौकशीसाठी, ठरावीक प्रश्नांची यादीच रवाना झाली. तुला हे कसं माहीत? कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी, कुठे घडलं? कोण कोण हजर होतं? कुणाचा धावा केला, कोणत्या शब्दांत? रोग्याला आधीपासून ओळखत होतास? किती दिवस आजारी बघितलंस, बरं झाल्यावर किती काळ बघितलंस? तो कुठल्या गावचा? साक्ष एकेकट्याची घ्यायची आणि लेखनिकाने ती शब्दशः उतरवायची. एलिझाबेथचं प्रकरण मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत, १२३५ मध्ये निकाली निघालं.

हिल्डेगार्ड यांचं काय झालं ते आता समजतं. तीन चौकशी अधिकारी नेमले गेले आणि रूपर्ट्सबर्गच्या धर्मभगिनींनी १२३३ मध्ये साक्षी दिल्या. त्या जुन्या चमत्कारवहीच्या धर्तीवर होत्या. १२३७ मध्ये रोमने कागद परत पाठवले. व्यक्ती, स्थळ, काळ नीट नोंदवा. १२४३ मध्ये पुन्हा विचारणा झाली, कागदांवर दुरुस्त्या झाल्या. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घटनांचे साक्षीदार आणायचे कुठून? प्रकरण तिथेच पडून राहिलं. भक्ती मात्र चालू होती आणि सोळाव्या शतकात तिथीवहीत १७ सप्टेंबरला त्यांचं नाव छापलंही गेलं. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या बिशप ऑस्मंड यांची चौकशीही १२२८ मध्येच सुरू झाली आणि १४५७ मध्ये संपली. शेवटच्या टप्प्याचा खर्च सातशे पौंडांहून जास्त झाला. कॅथिड्रलला तो झेपला, एखाद्या लहान मठाला झेपला नसता. ११९८ ते १४३१ या काळात रोमने सत्तरेक चौकशांचे आदेश दिले, त्यातल्या जवळपास निम्म्याच संतपदापर्यंत पोचल्या. उरलेल्यांचं संतत्व कमी पडलं असं म्हणण्यापेक्षा त्यांच्या मागे उभं राहणाऱ्यांची चिकाटी आणि थैली कमी पडली म्हणणं जास्त खरं.

१३०७ ची इंग्लंडमधल्या हेरफर्डची चौकशी बघितली की ही पद्धत किती पक्की झाली ते दिसतं. बिशप थॉमस कँटिलूप १२८२ मध्ये वारले तेव्हा आर्चबिशपांनी त्यांना बहिष्कृत केलेलं होतं. म्हणून आधी लंडनला केवळ बहिष्काराची वेगळी तपासणी झाली, संतपदाची साक्ष नंतर. थडग्यापाशी वाहिलेल्या वस्तूंची मोजदाद आहे. चांदीची १७० जहाजं, मेणाची ४१, माणसांच्या आणि अवयवांच्या मेणाच्या १,४२४ प्रतिमा, कुबड्या १०८. स्वॉन्झीला फासावर दिलेला एक वेल्श माणूस जिवंत झाला म्हणून स्वतःच साक्ष द्यायला हजर होता. त्याचं बोलणं दुभाष्यांमार्फत लॅटिनमध्ये उतरवलं गेलं. त्याच्या देहाची लांबी दोऱ्याने मोजून तो दोरा वात म्हणून मेणबत्तीत घालायचा आणि ती संताला वाहायची, हा त्या काळचा नेहमीचा नवस. अधिकाऱ्यांनी नवसावर वेळ घालवला नाही. त्यांनी विचारलं, जीभ किती बाहेर आली होती, डोळे कसे होते, किती वेळ लटकत होता. घटनेचं वर्ष मात्र साक्षीदारागणिक बदलत गेलं. संतपद मिळालं १३२० मध्ये.

पुढचा इतिहास कचेरीचा आहे. १५८८ मध्ये संतपदाची प्रकरणं बघणारं कायमचं खातं रोममध्ये नेमलं गेलं. त्यात श्रद्धेच्या बाजूने हरकती काढणारा अधिकारी असे, त्यालाच लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १६३४ मध्ये रोमच्या निर्णयाआधी कुणाच्या चित्रात प्रभावळ रंगवणं, थडग्याशी मेणबत्त्या लावणं यावर बंदी आली. शंभर वर्षांहून जुन्या भक्तीला मात्र हात लावला गेला नाही. याच मोकळ्या ठेवलेल्या दारातून २०१२ मध्ये हिल्डेगार्ड आत आल्या, चमत्काराची नवी चौकशी न होता.

आपल्याकडचे दोन संत याच कचेरीच्या वाटेने गेले. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. धन्यवादित हा दर्जा, म्हणजे संतपदाआधीची पायरी, तीस वर्षांत, १६२७ ला मिळाला, संतपदाला १८६२ उजाडलं. गोव्यातल्या बाणावलीचे जोसेफ वाझ १७११ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत वारले, १९९५ मध्ये धन्यवादित झाले. १९८३ च्या सुधारित नियमांनुसार त्यानंतर आणखी एक चमत्कार सिद्ध व्हायला हवा होता. पोपनी तो माफ केला आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत वाझ यांना संत घोषित केलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, चमत्कार तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे नियम कडक झाले. साधं बहुमत पुरेसं नाही, सातांपैकी निदान पाच किंवा सहांपैकी चार डॉक्टरांनी दुखणं वैद्यकाने उलगडत नाही असं म्हटलं पाहिजे, आणि एकच प्रकरण तीनहून जास्त वेळा मंडळासमोर आणता येत नाही.