तुटलेला जाम बोल्ट काढणे

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये जाम झालेला बोल्ट अथवा स्टड (डोके नसलेला, आटे पाडलेला दांडा) सोडवताना मोडला, तर आत राहिलेला तुकडा भोकाचे आटे शाबूत ठेवून बाहेर काढण्याचे काम. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट, डिझेल इंजिनातले ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे प्लग) ही याची नेहमीची ठिकाणे. उष्णता, पाणी किंवा काजळी, यांपैकी काहीतरी तिथे कायम असते.

बोल्ट जाम होतो तो प्रामुख्याने गंजामुळे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमधली बारीक फट भरली की पाचरीसारखा दाबून बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल तर ओल मिळताच दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. तिथे झिजते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

बोल्ट मोडण्याआधी हाताला इशारा देतो. पाना फिरतो, पण बोल्टचे डोके मऊ लागते, सोडले की किंचित मागे येते. म्हणजे आटे सुटलेले नाहीत, नुसता दांडा पिळला जातो आहे. इथेच थांबावे. गंज भेदणारे पातळ तेल सोडून काही तास, जमल्यास रात्रभर मुरू द्यावे, डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्यावेत आणि बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडवावा. थोडा जरी हलला तरी पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असेच चालावे. आट्यांतून तांबूस भुकटी बाहेर येऊ लागली की काम मार्गी लागले.

मोडल्यावर अनेकांचा हात आधी इझी-आऊटकडे, म्हणजे तुकड्यात भोक पाडून आत रुतवायच्या आणि उलटे फिरवायच्या हत्याराकडे जातो, आणि बहुतेक वेळा तीच चूक ठरते. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. निम्म्या जाडीच्या दांड्याला, धातू तोच असेल तर, एक अष्टमांशच पीळ सोसवते. इझी-आऊटचे पोलाद अधिक कठीण असते खरे, पण ते ठिसूळही असते. पूर्ण जाडीचा बोल्ट ज्या पकडीपुढे मोडला, ती पकड ढिली न करता त्याच्या पोटात घातलेले बारीक हत्यार कसे टिकणार? ते आत मोडले, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही.

म्हणून आधी पकड मोडावी, आणि त्यासाठी उष्णतेसारखा उपाय नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. 8 मिमी बोल्टभोवतीचे हेड आणि बोल्ट दोन्ही 100 अंशांनी तापले, तर भोक बोल्टपेक्षा सुमारे 0.01 मिमी जास्त मोठे होते. एवढेही अनेकदा पुरते. मात्र अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे ज्योत एका जागी धरू नये.

खुंट, म्हणजे आत राहिलेला तुकडा, थोडा वर असेल तर त्यावर वॉशर आणि नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. यात पान्याला धरायला नवे डोके मिळतेच, शिवाय खुंट आतून तापून फुगतो आणि निवताना आकसतो, तेव्हा गंजाची पकड तुटते. खुंट पृष्ठभागाच्या जरा खाली असला तरी वेल्डिंगचे थर चढवून वर आणता येतो. पोलादाचे वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोकाच्या कडेला ते चिकटण्याची भीती नसते. नट जस्ताचा मुलामा नसलेला घ्यावा. लालपणा गेल्यावर आट्यांच्या कडेला मेण टेकवावे. ते वितळून आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. पहिला नट तुटून हातात आला तर दुसरा लावावा, तिसराही लावावा. प्रत्येक वेळची उष्णता उपयोगीच पडते. आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, इंधन दूर करावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लिनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग कधीही करू नये. त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

ड्रिल करायचे तर तुटलेला पृष्ठभाग कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा. ड्रिल जरा सरकले की मऊ अ‍ॅल्युमिनियमकडे पळते. उलट्या आट्यांचे, म्हणजे बोल्ट सुटण्याच्या दिशेने फिरून कापणारे ड्रिल वापरल्यास कित्येकदा भोक पाडतानाच खुंट सुटून येतो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये मोडलेला पोलादी तुकडा तुरटीच्या गरम द्रावणात हळूहळू विरघळतो. घड्याळजी पितळी भागांत अडकलेल्या स्क्रूसाठी ही युक्ती वापरतात. मात्र भाग सुटा करून बुडवता आला पाहिजे आणि घाई नसावी. आत मोडलेल्या इझी-आऊटसाठी स्पार्क इरोजन यंत्र हा खात्रीचा उपाय. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवण्याची ही पद्धत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या सोव्हिएत शास्त्रज्ञ दांपत्याने 1943 मध्ये विकसित केली.

आटे गेलेच असतील तर भोक मोठे करून नवे आटे पाडतात आणि त्यात स्टेनलेस तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. नवा बोल्ट लावताना आट्यांना जाम-रोधक लेप देतात. पण लेप दिलेल्या बोल्टला कोरड्या बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) दिला तर तो प्रमाणाबाहेर ताणला जातो, म्हणून दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की लेप किंवा तेल लावलेल्या, हे आधी पाहावे.