सेंचुरियनचं जुनं किट आणि साच्याचं विज्ञान

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात रणगाड्याच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट दिलं तर तो आधी तोफ बघत नाही, पार्टिंग लाइन बघतो, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. आमच्या गल्लीतले एक काका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होते (वाळूत साचा उठवायचा नमुना म्हणजे पॅटर्न, तो तिथं बनतो), आता रिटायर झालेत. मामानं कॉलेजला असताना अर्धं जोडून, वर ऑइल पेंटचा जाड हात मारून ठेवलेलं सेंचुरियन रणगाड्याचं १/३५ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापाचं किट मी परत बांधायला काढलंय, ते त्यांनी उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ह्यो रनर, ह्यो गेट, आणि हितं ड्राफ्ट दिलाय बघ, न्हाईतर पीस साच्यातनं निघणारच न्हाई." रनर म्हणजे माल वाहून नेणारी काडी, गेट म्हणजे तो पीसमध्ये शिरतो ती जागा, ड्राफ्टचं पुढं सांगतो. एवढ्या एका वाक्यात त्यांनी किटचं निम्मं विज्ञान सांगून टाकलं. मॉडेलवाल्यांत जुन्या किटला नावं ठेवायची फार सवय आहे, हे जाड, ते चुकीचं, इथं बोल्टच नाहीत वगैरे, पण ते तसं का आहे हे बघायला गेलं की राग जातो आणि मजा सुरू होते, म्हणून हा लेख.

सेंचुरियनच का, तर हा आपल्या लोकांनी चालवलेला रणगाडा. ब्रिटिशांनी तो दुसऱ्या महायुद्धासाठी बनवला, पण पहिल्या गाड्या मे १९४५ मध्ये युरोपात पोचल्या तोवर तिथलं युद्ध संपलेलं होतं. पुढं भारतानं ते घेतले. सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लौराच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर सेंचुरियनमध्येच होते, १६ सप्टेंबरला ते शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरला अरुण खेत्रपाल, तीच रेजिमेंट, तोच रणगाडा, परत परमवीर चक्र. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंचुरियन उभा आहे, तिथं गेलात तर टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, नीट बघा. ते ओतीव पोलाद आहे, पृष्ठभाग खडबडीत, अगदी आपल्याकडच्या फेटलिंग शॉपमध्ये, कास्टिंग घासून साफ करतात तिथं, पडलेल्या कास्टिंगसारखा. म्हणजे खरं टरेट साच्यातनं आलं आणि त्याचं मॉडेलपण साच्यातनंच आलं, फक्त एकाचा साचा वाळूचा आणि दुसऱ्याचा स्टीलचा.

या स्टीलच्या साच्यात जातं ते पॉलिस्टायरीन. १८३९ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड सिमॉन नावाच्या औषधविक्याला स्टोरॅक्स नावाच्या झाडाच्या चिकापासून काढलेलं तेल ठेवल्या ठेवल्या घट्ट होतंय असं दिसलं, पण असं का होतंय हे कळायला पुढं ८० वर्षं लागली. १९२० मध्ये हर्मन श्टाउडिंगरनं सांगितलं की हे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या होतात. तेव्हा बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नव्हतं, नंतर १९५३ मध्ये त्याला याच कामासाठी नोबेल मिळालं. घन पॉलिस्टायरीनमध्ये या साखळ्या विस्कटलेल्या सुतळीच्या गुंड्यासारख्या एकमेकांत अडकलेल्या असतात. साधारण १०० अंशाच्या खाली त्या जागच्या हलत नाहीत म्हणून किट कडक, त्याच्यावर गेलं की सुटतात म्हणून मऊ. मशीनमध्ये २०० अंशाच्या वर तापवून प्रचंड दाबानं हा माल डायमध्ये, म्हणजे त्या स्टीलच्या साच्यात मारतात, काही सेकंदात थंड करतात, इजेक्टर पिननं ढकलून बाहेर काढतात. त्या पिनांचे गोल ठसे किटच्या आतल्या बाजूला दिसतात ते यामुळं.

आता काकांचा ड्राफ्ट. पॅटर्न वाळूतनं उचलताना भिंती सरळ उभ्या असतील तर वाळू फुटते म्हणून बाजूंना जरा उतार देतात, स्टीलच्या डायमध्येपण तेच, नाहीतर पीस घासत घासत येतो किंवा अडकतो. आणि डाय ज्या दिशेला उघडते त्या दिशेला आडवं येईल असं काहीच साध्या डायमध्ये ओतता येत नाही. जुन्या किटमध्ये खालचा हल, म्हणजे रणगाड्याचं धड, एका डब्यासारखा ओतलेला असतो, डाय वर-खाली उघडते, मग त्या डब्याच्या उभ्या बाजूंवर बाहेर आलेला बोल्ट असेल तर डाय उघडतानाच तो तुटणार. म्हणून तिथं बोल्ट नाहीत. डिझाइन करणाऱ्याला ते माहीत नव्हते असं नाही, ते साच्यातनं निघत नव्हते. तोफेची नळी दोन उभ्या अर्ध्या भागांत येते तीपण याचमुळं. नळीचं तोंड पोकळ करायचं तर कोअर, म्हणजे पोकळीची जागा अडवणारा आतला तुकडा पाहिजे, आपल्याकडं वाळूचा कोअर घालतात आणि कास्टिंग थंड झाल्यावर फोडून काढतात, पण स्टीलच्या डायमधला कोअर फोडता येत नाही, तो बाजूला सरकवूनच काढावा लागतो. अशी सरकणारी डाय महाग पडते, म्हणून जुन्या किटमध्ये ती क्वचित दिसते, नव्यात मात्र सर्रास. मग जुन्या किटचं तोंड आपण ड्रिलनं पाडायचं. सेंचुरियनच्या २० पाउंडर तोफेचं भोक ८४ मिलिमीटरचं, भागिले ३५ म्हणजे २.४ मिलिमीटरचं ड्रिल.

आकसणं ही दुसरी गोष्ट. कास्ट आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, पोलाद २ टक्क्यांच्या आसपास, पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या जवळपास. पॅटर्नमेकर त्या हिशेबानं पॅटर्न मोठा करतो, डायमेकर डाय मोठी करतो. पण जिथं भिंत जाड असते तिथं आतलं प्लॅस्टिक बाहेरच्या सालीनंतर थंड होतं आणि साल आत ओढून घेतं, तिथं खड्डा दिसतो. फाउंड्रीत हे टाळायला रायझर देतात, म्हणजे आकसणाऱ्या जागेला धातू पुरवणारा साठा, इंजेक्शन मशीनमध्ये डाय भरल्यावरपण थोडा वेळ दाब धरून ठेवतात, हेतू अगदी एकच. जुन्या किटच्या चाकांवर आणि टरेटच्या जाड जागी असे खड्डे सापडतात, पुट्टी भरायची आणि घासायचं, त्याच्यात बाकी काही नाही.

जाडीचा प्रश्न मात्र मला सगळ्यात आवडतो. सेंचुरियनच्या पुढच्या चिलखताची जाडी ७६ मिलिमीटर, १/३५ मध्ये ती २.२ मिलिमीटर होते, टरेटच्या पुढची १५२ मिलिमीटर म्हणजे ४.३, इथवर प्लॅस्टिकला काही अडचण नाही. पण ट्रॅक झाकणारा बाजूचा पत्रा समजा ६ मिलिमीटरचा धरला तर तो ०.१७ मिलिमीटर व्हायला पाहिजे, आणि एवढ्या बारीक फटीत गरम प्लॅस्टिक पोचायच्या आधीच थंड होऊन थांबतं. म्हणून किटमध्ये तो पाऊण-एक मिलिमीटरचा असतो, खऱ्या मापात म्हणजे ३ सेंटिमीटरचा पत्रा! कोरलेल्या पितळी पत्र्याचे सुटे भाग यासाठीच विकत मिळतात. मला विचाराल तर सगळा पत्रा बदलायची गरज नाही, नजर फक्त कडेवर जाते, आतल्या बाजूनं कड तासून पातळ केली की पुरतं.

वजनाचा हिशेबपण करून बघा. खरा सेंचुरियन सुमारे ५१ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ नं भागायच्या म्हणजे वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ नं भागायचं, उत्तर येतं जवळपास १ किलो २०० ग्रॅम. इंचन् इंच पोलादात उतरवला तर मॉडेल एवढं भरेल, प्लॅस्टिकचं त्याच्या कितीतरी कमी भरतं, कारण पोलादाची घनता ७.८ च्या आसपास आणि पॉलिस्टायरीनची १.०५. म्हणून खऱ्या रणगाड्याचा ट्रॅक वरच्या रोलरांच्या मधी आपल्या वजनानं झोल खातो तसा मॉडेलचा खात नाही, ताठ राहतो, तो झोल आपल्याला चिकटवून आणावा लागतो. (हा ३५ चा आकडा कुठनं आला तर जपानच्या तामियानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवालं किट काढलं, त्याच्या पोटात बॅटऱ्या आणि मोटर बसतील एवढा आकार ठरवला आणि स्केल नंतर मोजलं. पुढं सगळ्या जगानं तेच धरलं.)

मॉडेलवर काळसर पातळ रंग सोडून फटी गडद का करायच्या यावर बरंच बोललं जातं, हवेमुळं लांबचे रंग फिके दिसतात वगैरे. मला ते पटत नाही. ३० सेंटिमीटरवरनं १/३५ चं मॉडेल बघणं म्हणजे साडेदहा मीटरवरनं खरा रणगाडा बघणं, आणि साडेदहा मीटरच्या हवेनं रंगात काय फरक पडणार? खरं कारण उजेडात आहे. सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो म्हणून त्याच्या सावल्या धारदार, पण घरातली ४ फुटी ट्यूब मॉडेलच्या मापात ४२ मीटर लांबीचा दिवा होते, चारी अंगांनी उजेड येतो आणि बोल्टच्या सावल्या पुसल्या जातात. हेच मॉडेल सकाळी गच्चीवर उन्हात नेलं की न रंगवलेल्या फटीपण उठून दिसतात. कपाटात ठेवायच्या मॉडेलला म्हणून सावली रंगवावी लागते.

आता जोडणीकडं. प्लॅस्टिक सिमेंट म्हणून मिळतं ते फेविकॉलसारखा थर देत नाही, त्यात असिटोन, ब्युटाइल असिटेट असले द्रव असतात, ते पॉलिस्टायरीनमध्ये शिरतात, साखळ्या सैल करतात, दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकांत गुंततात, मग द्रव उडून जातो आणि मागं एकच सलग प्लॅस्टिक राहतं. म्हणजे हे वेल्डिंगच आहे, फक्त उष्णतेशिवाय. गणपतीला थर्माकोलच्या मखरावर स्प्रे पेंट मारला की खड्डे पडायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल, थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. पातळ सिमेंट सांध्यावर ब्रशनं नुसतं टेकवलं की केशाकर्षणानं आपोआप आत धावतं. फक्त सगळा द्रव उडायला वेळ लागतो, जाड सांध्यात तर आठवडे, आणि घाईनं घासून रंग दिला तर नंतर सांधा खाली बसून रेघ उमटते. मामाच्या टरेटवर ती स्पष्ट दिसते.

जुना ऑइल पेंट काढायला थिनर वापरू नका, एनसी थिनरमध्ये टोल्युइन आणि एस्टर असतात, रंगाबरोबर रणगाडापण विरघळेल. गाडीचं डॉट ३ ब्रेक ऑइल चालतं, उद्यमनगरात कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. त्यातले ग्लायकॉल ईथर रंगाची साल फुगवून सोडवतात पण पॉलिस्टायरीनला धरत नाहीत. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, नंतर साबणाच्या पाण्यानं धुवा. वाकलेला हल असेल तर उकळीच्या जरा खालच्या पाण्यात धरून सरळ करता येतो. आणि रिकामा रनर मेणबत्तीवर लांबनं तापवून ओढला की केसाएवढी तार निघते, अँटेना तयार. ओढताना साखळ्या एका दिशेला ताणल्या जातात आणि थंड झाल्यावर तशाच अडकून राहतात, ती तार परत तापवली की आखडून जाते, मुलांना दाखवायला हा प्रयोग भारी आहे.

मऊ व्हिनाइलच्या ट्रॅकची काळजी वेगळी. पीव्हीसी मूळचं कडक, ते लवचिक करायला त्यात थॅलेटसारखे तेलकट प्लास्टिसायझर घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतात आणि शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर त्यात शिरतात. खोक्यात ट्रॅक चाकांना टेकून राहिला तर चाकांवर त्याचा ठसा वितळून उमटतो. वायर थर्माकोलला लागून पडली की थर्माकोल खाल्लं जातं तेपण हेच. ट्रॅक वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवायचे, पॉलिथिनला हे तेल फारसं भावत नाही, आणि चढवायच्या आधी चाकांना रंगाचा पक्का थर द्यायचा.

टर्पेंटाइनवाला पातळ रंग सोडतानापण जपा. एरवी टर्पेंटाइन पॉलिस्टायरीनला एवढं काही करत नाही, पण एखादा ॲक्सल जोर लावून बसवलेला असेल तर त्या ताणाच्या जागी ते सूक्ष्म भेगांत शिरतं आणि रात्रीत ॲक्सल काडकन तुटतो. ताणातला भाग आधी वार्निशनं झाकायचा, मगच रंग सोडायचा.

राहिला रंग, आणि इथं कोल्हापूरचा पाऊस मधी येतो. जुलैत लॅकर मारला की बऱ्याचदा पांढरट धुकं धरतं. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेत बाष्प भरलेलं असतंच, ते तिथं दवासारखं जमतं आणि ओल्या रंगात अडकतं. लवकर उडणाऱ्या थिनरनं हे जास्त होतं, सावकाश उडणाऱ्यानं कमी. सुपरग्लूचं उलटं, तो हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो, त्यामुळं पावसाळ्यात पटकन धरतो. म्हणून माझा क्रम असा आहे: जून ते सप्टेंबर तासणं, जोडणं, पुट्टी, आणि लॅकरचा डबा दसऱ्यानंतरच उघडायचा, थर पातळ मारायचे, कारण ०.१ मिलिमीटरचा रंगाचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन मिलिमीटर, आणि त्याच्याखाली टरेटचा ओतीव खडबडीतपणा बुजून जातो.