राजाची ओळख पटली आजोळाकडून

ऑगस्ट २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका कार पार्कखाली जुन्या मठाचे अवशेष खणताना एक सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा, अंगावर मृत्यूच्या वेळच्या ११ जखमा आणि त्यांतल्या ९ कवटीवर. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड तो हाच, असं वाटायला पुरेसा आधार होता. पण खात्री करून दिली ती रिचर्डच्या आजोळाने, म्हणजे नेव्हिल घराण्यातल्या बायकांनी.

नेव्हिल हे उत्तर इंग्लंडमधलं बलाढ्य सरदार घराणं. वेस्टमोरलंडचा अर्ल राल्फ नेव्हिल याने दुसरं लग्न केलं ते जोन बोफर्टशी. जोन ही राजा तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट आणि कॅथरीन स्विनफर्ड यांची मुलगी. कॅथरीन एका साध्या सरदाराची लेक, जॉनच्या मुलींना सांभाळायला ठेवलेली. मुलं झाल्यावर कितीतरी वर्षांनी, १३९६ मध्ये, जॉनने तिच्याशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी संसदेने त्यांच्या मुलांना औरस ठरवलं. जोनची धाकटी लेक सिसिली यॉर्कच्या ड्यूकला दिली. तिचे दोन मुलगे, चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड, इंग्लंडच्या गादीवर बसले. ‘किंगमेकर’ म्हणून गाजलेला वॉरिकचा अर्ल हा रिचर्डचा सख्खा मामेभाऊ. पुढे त्याचीच मुलगी अ‍ॅन रिचर्डची राणी झाली. राजघराण्याच्या भाऊबंदकीत नेव्हिल असे चहूबाजूंनी गुंतलेले होते.

आता विज्ञानाकडे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म भागांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो अपत्याला फक्त आईकडून मिळतो. वडिलांचा भाग त्यात मिसळत नाही, त्यामुळे क्वचित होणारे बदल सोडले तर तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने जुन्या हाडांतही तो टिकून राहण्याची शक्यता जास्त. रिचर्डची थोरली बहीण अ‍ॅन हिच्यापासून मुलींच्या मुली असा वंश शोधत संशोधक आजच्या दोन व्यक्तींपर्यंत पोचले. एकीचा हा डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला आणि दुसरीच्यात एका अक्षराचा फरक निघाला, म्हणजे इतक्या पिढ्यांत होईल तेवढाच. बाकीचे पुरावे जोडल्यावर सांगाडा रिचर्डचाच असल्याची शक्यता ९९.९९९ टक्के ठरली.

पुरुषांच्या वंशाने मात्र दगा दिला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं. रिचर्ड बापाच्या बाजूनेही तिसऱ्या एडवर्डचाच वंशज, म्हणून त्याचं वाय एडवर्डच्या इतर पुरुष वंशजांशी जुळायला हवं होतं. जॉन ऑफ गाँटपासून चालत आलेल्या बोफर्ट ड्यूकांच्या घराण्यातल्या पाच पुरुषांचं वाय तपासलं, तेव्हा एकाचंही रिचर्डशी जुळलं नाही. चौघांचं आपसात जुळलं आणि पाचव्याचं निराळंच निघालं. कागदावर बाप म्हणून नोंदलेला माणूस कुठेतरी, एकदा नव्हे तर निदान दोनदा, खरा बाप नव्हता. राजांच्या वंशावळी लिहिणाऱ्यांनी मुलगेच तेवढे काळजीने नोंदवले आणि नेमक्या त्याच नोंदी इथे तुटल्या. मला या संशोधनातला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

सिसिलीला आपला मायटोकॉन्ड्रियल डीएनए जोनकडून मिळाला आणि जोनला कॅथरीनकडून. म्हणजे राजाच्या हाडांत सापडला तो त्याच्या पणजीचा, मुलं सांभाळायला आलेल्या बाईचा वारसा. बॉसवर्थला रिचर्डला हरवून गादीवर बसलेला सातवा हेन्री हाही तिचाच वंशज. पण त्याचं नातं कॅथरीनच्या मुलाकडून, जोनचा भाऊ जॉन बोफर्ट याच्याकडून आलं होतं. आईचा हा डीएनए जॉनला मिळाला, पण त्याच्या मुलांपर्यंत गेला नाही. म्हणून एकाच बाईचे वंशज असलेल्या या दोन शत्रूंपैकी तो उतरला फक्त रिचर्डकडे.