मूत्राशय, दाब आणि साबणाने धुतलेले हात

मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेक रुग्णांना आज दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवतात. त्यासाठी निर्जंतुक हातमोजे लागत नाहीत, साबणाने स्वच्छ धुतलेले हात पुरतात. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १९७२ साल उजाडले.

मूळ प्रश्न दाबाचा. मूत्राशय भरू लागले की त्याची स्नायूची भिंत, म्हणजे डिट्रुसर, सैलावत जाते. त्यामुळे ३००-४०० मिली लघवी साठली तरी आतला दाब फारसा चढत नाही. दाब नुसत्या साठ्यावर ठरत नाही, हे इटलीच्या मोस्सो आणि पेलाकानी यांनी १८८२ मध्ये मोजून दाखवले. लघवी होताना आधी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला झडपेचा स्नायू सुटतो आणि मग भिंत आवळते. हा मेळ मेंदूच्या बुंध्यातला पॉन्स हा भाग घालतो. लंडनच्या बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांच्या पॉन्समधली ती जागा दोन्ही बाजूंनी निकामी केली, तेव्हा त्यांची लघवी कायमची तुंबली.

मज्जारज्जूला इजा होऊन पॉन्सचा निरोप खाली पोचला नाही, तर भिंत आणि झडप एकदमच आवळतात. लघवी अडते आणि दाब मागे मूत्रपिंडांवर येतो. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला जखम झालेले बहुतेक सैनिक पुढे मूत्रसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावले. १९४४ मध्ये डॉ. गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि ठरावीक वेळी निर्जंतुक नळी घालण्याची शिस्त लावली. गुण आला, पण घरी हे जमणार कसे?

१९७२ मध्ये मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडीस यांनी विचारच उलटा केला. मूत्राशय फार ताणले की भिंतीचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि ती जंतूंपुढे हार मानते. तेव्हा निर्जंतुकतेपेक्षा वेळेवर रिकामे करणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. चूक होते ती नेमकी इथेच: रुग्ण नळी घालायची ठरलेली वेळ चुकवतो आणि एका वेळी ७०० मिली निघते. ५०० मिलीच्या वर गेले की मधले अंतर कमी करावे. धार थांबली तरी नळी झटकन ओढू नये. हळूहळू बाहेर घेताना तळाची लघवीही निघते.

नळीने सगळे भागत नाही, हे १९८१ मध्ये मॅग्वायर यांच्या कामातून दिसले. जन्मतः मज्जारज्जूत दोष असलेल्या ज्या मुलांची लघवी ४० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापेक्षा जास्त दाबाला गळू लागे, त्यांची मूत्रपिंडे बिघडत. अशांना नळीच्या जोडीला भिंत सैल ठेवणारे ऑक्सिब्युटिनिनसारखे औषधही द्यावे लागते.